दोरी हलकी आली तेव्हा

बाबांची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली आली की मी बाबांना सोडून कुठे हलायची नाही. एरवी ती माळ्यावर चिंचेच्या मडक्याआड पडून असायची आणि तिच्यावर मांजर झोपायचं. ती खाली आली, झटकली गेली आणि दाराशी ठेवली गेली की समजायचं, जिनचा हंगाम आला. जिन म्हणजे खामगावकडचा, कापसातून सरकी काढायचा कारखाना. दसरा झाला की बाबा तिथे जायचे आणि उन्हाळा लागेपर्यंत यंत्रांची दुरुस्ती करायचे. परत यायचे तेव्हा भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांत कापूस अडकलेला असायचा आणि छातीत खोकला. कापूस माय एका आंघोळीत धुऊन काढायची. खोकला मात्र दरसाल थोडा जास्त मुक्काम करायचा, आणि त्या वर्षी तो गेलाच नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबांच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, पुन्हा त्या धुरळ्यात गेलात तर परत मला दाखवायला येऊ नका. बाबा घरी येऊन हे हसत हसत सांगत होते. माय हसली नाही. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि तव्यावरची भाकरी अर्धी कच्चीच उतरवली.

आमचा मळा देऊळगाव राजाच्या वेशीबाहेर होता. आम्ही माळी; वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर असं जे काही टोपलीत घालून बाजारात बसता येईल ते पिकवायचं. घरात बाबा, माय, मी आणि बाबांची थोरली बहीण, माझ्या आत्याबाई. आत्याबाईंना लवकर वैधव्य आलं होतं आणि तेव्हापासून देवघर, सणवार, सोवळंओवळं हा सगळा कारभार त्यांच्या हाती होता. माय संग्रामपूरकडची. तिच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिचं 'मले-तुले' आत्याबाईंना पचलं नव्हतं. "अगं, मला म्हण, मला," त्या म्हणायच्या. माय म्हणायची, "हाव आक्का, म्हणतो की. मले काय त्याचं." मला भाऊ नव्हता याची आत्याबाईंना काळजी, बाबांच्या छातीची मायला काळजी, आणि या दोघींची मला काळजी. काळजी आमच्या घरात मिठासारखी होती, प्रत्येक पदार्थात थोडी थोडी पडायचीच.

त्या वर्षी श्रावणात आमच्या जोडीतला एक बैल घटसर्पाने गेला. सकाळी गळा सुजला आणि दिवस मावळेपर्यंत दावं रिकामं झालं. उरलेल्या एकट्या बैलाला पोळ्याला सजवताना बाबा त्याच्याशी काहीतरी बोलत होते, ते मी मुद्दाम ऐकलं नाही. एका बैलावर मोट चालत नाही. भादव्यात पावसानेही हात आखडता घेतला. विहिरीत पाणी होतं, हात लांबवला तर लागेल असं वाटावं इतकं वर होतं, पण ते वर काढणार कोण? शेजाऱ्यांचे बैल मागावेत तर जो तो आपापल्या मोटेला जुंपलेला. वांगी फुलावर आलेली, मिरचीची पानं दुपारी आकसायला लागलेली. बालाजीच्या यात्रेला सारा मुलूख देऊळगावात लोटायचा आणि त्या बाजारावर आमचं सबंध वर्ष निघायचं. मळा जगला तर बाबांना जिनवर जायची गरज नव्हती. मळा वाळला तर पेटी होतीच. हे कुणी मला बसवून सांगितलं नव्हतं. पण पेटी त्या वर्षी भादव्यातच खाली आली होती आणि मांजर झोपायला नवी जागा शोधत फिरत होतं.

अशात एक दिवस मामा बैलगाडी घेऊन आला. मामा बुलढाण्याला एका साहेबाच्या बंगल्यावर बागेचं काम बघायचा. तिकडे तेव्हा साहेबलोकांचे बंगले होते आणि बंगल्यांपुढे नुसतं गवत. ते खायला जनावर सोडायचं नाही, कापून फेकून द्यायचं, आणि त्यासाठी विलायतेहून यंत्र आणायचं, हे मामाने सांगितलं तेव्हा आत्याबाईंनी त्याला खोटारडा ठरवलं होतं. आता त्याच यंत्रांची दोन मढी गाडीत पालथी पडली होती.

"दाजी, हे आमच्या सायबाचं, अन् हे कलबातलं," मामा म्हणाला. "दोन्ही एकाच कंपनीचे. दोन्ही मेलेले. साहेब चालला विलायतेले, म्हणे घेऊन जा हा कचरा."

बाबांनी वर चढून आधी एकाला हात लावला, मग दुसऱ्याला. साहेबाच्या यंत्राचा सांगाडा धड होता, पण आतला पिस्टन फुटलेला. क्लबातलं यंत्र कधीतरी उतारावरून गडगडलं होतं. त्याचं बाहेरचं ओतीव अंग तडकलं होतं, पण आतलं काळीज शाबूत होतं. बाबांनी चाक हाताने फिरवून कान लावला. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा चेहरा असा पाहिला.

"याचं त्याला बसंल," ते म्हणाले. "गवत कापायचं इंजिन हाये. पण त्याला काय ठाऊक, आपण पाणी उपसून घेऊ राहिलो म्हून?"

आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, "किसन, मेलेल्याचं अंग काढून दुसऱ्या मेलेल्यात घालायचं? असलं भूत माझ्या दारात नको."

"आक्का, नवं मिळालं असतं तर नवं आणलं असतं," बाबा म्हणाले आणि खोकले. खोकला थांबेपर्यंत सगळे गाडीकडे बघत राहिलो.

मग आमच्या अंगणात, बाजेवर जुनं धोतर अंथरून, त्या दोन यंत्रांची चिरफाड सुरू झाली. एक पंप बाबांनी जिनच्या भंगारातून कधीकाळी आणून गोठ्यात कडब्याखाली ठेवला होता, इंजिनाच्या आशेवर. बाबा खोलायचे, मी रॉकेलमध्ये धुवायची. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, रॉकेल मोजून मिळायचं. म्हणून घरातल्या दिव्यांत करडईचं तेल आलं आणि रॉकेल इंजिनासाठी राहिलं. स्वयंपाकघरातून भाजक्या वांग्याचा आणि लसणाचा वास यायचा, त्यात रॉकेलचा मिसळायचा. आजही वांग्याचं भरीत समोर आलं की मला आधी रॉकेल आठवतं आणि मग भूक लागते. सुना हसतात. हसू देत.

क्लबातला पिस्टन साहेबाच्या नळकांड्यात सहज गेला, पण त्याच्या कड्या तिथे बसेनात. बाबा एकेक कडी कानशीने जरा घासायचे, आत सरकवायचे, उजेडाकडे धरून बघायचे, बाहेर काढायचे, पुन्हा घासायचे. कडी ओतीव बिडाची, ठिसूळ. जोर जास्त झाला की कट् करून मोडणार, आणि मोडली तर दुसरी आणायची कुठून? त्या आवाजाच्या भीतीने मी श्वास रोखून बसायची. हवा आत घ्यायचा आणि धूर बाहेर सोडायचा असे दोन व्हॉल्व्ह होते. कुरुंदाची, म्हणजे धार लावायच्या दगडाची, पूड तेलात कालवून ते त्यांच्या बैठकीवर गोल गोल घासायचं काम माझ्याकडे आलं. घासून झालं की बाबा वरून थेंबभर रॉकेल ओतायचे. खाली पाझरलं की म्हणायचे, "अजून." माझे तळवे काळे झाले ते दिवाळीपर्यंत उजळले नाहीत.

सगळ्यात मोठी अडचण डोक्याखालच्या पत्र्याची. इंजिनाचं डोकं आणि अंग यांच्या मधे तांब्याची पातळ चकती लागते, नाहीतर दाब बाहेर निसटतो. दोन्ही यंत्रांच्या चकत्या जळून गेलेल्या. बाबा बाजारात फिरून हात हलवत आले. मायने न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ आणून त्यांच्यापुढे उपडं केलं. तिच्या माहेरचं होतं ते.

"त्याचं बूड काढा," ती म्हणाली.

"अन् आंघोळीला?"

"बादलीनं करू. तुमी घरी असलेत तर बादलीनंबी होते आंघोळ."

बाबांनी घंगाळाचं बूड कापलं, चुलीत लाल केलं, पाण्यात टाकून मऊ केलं आणि कात्रीने चकती काढली. आत्याबाई तोंडाला पदर लावून देवघरात जाऊन बसल्या. माझ्या मायने आयुष्यात बाबांना 'जाऊ नका' असं उघड कधी म्हटलं नाही. ते घंगाळ हेच तिचं म्हणणं होतं.

यंत्र जुळलं, विहिरीच्या काठावर लाकडी चौकटीत बसलं. ते चालू करायचं म्हणजे चाकाला दोरी गुंडाळायची आणि एका दमात ओढायची. बाबांना एवढा झटका सोसणार नव्हता. मोटेच्या जुन्या दोराचा तुकडा कापून त्यांनी माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "दोरी बोटाला गुंडाळायची नाही. यंत्र उलटं फिरलं तर बोट नेतं." मी चौदा-पंधरा वर्षांची होते. बोट नेण्याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही की माझ्या हातून ते चालू झालं नाही तर? पहिल्या दिवशी ते नुसतं फुरफुरलं. दुसऱ्या दिवशी एक मोठा बार झाला आणि बैल दावं तोडून पळाला. तिसऱ्या सकाळी दोरी मधेच अडली, जोरात भांडली, आणि मग सुटली, आणि ते चाललं. टुक टुक टुक करत चाललं. पंपाच्या नळीतून आधी वारा आला, मग गाळ, आणि मग जाडजूड पाणी थारोळ्यात कोसळलं, जिथे एरवी मोट रिकामी व्हायची तिथे. बाबा पाण्यात हात धरून उभे होते. आत्याबाईंनी लांबून नमस्कार केला. ज्याला भूत म्हटलं त्यालाच, पण आम्ही कुणी ते बोलून दाखवलं नाही.

पुढचे दिवस मी त्या आवाजावर जगले. शेणी थापताना, भाकरी खाताना, मेथीच्या जुड्या बांधताना माझा एक कान विहिरीकडे असायचा. टुकटुक जरा लांबली की घास हातातच राहायचा. माझ्या नातवाला आता घरबसल्या मोबाइलवर बोट लावून मोटार चालू करता येते, आणि तो मला विचारतो, आजी, तू मधेच गप्प का होतेस? काय सांगायचं त्याला? ऐकायची ती सवय गेली नाही. मिरची पुन्हा ताठ झाली. वांग्यांच्या फुलांमागे बारीक फळं दिसू लागली. पेटी मात्र दाराशीच होती. जिनच्या मुकादमाने निरोप धाडला होता, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी माणसं गोळा करत येईल, तयार राहा. बाबा म्हणाले होते, तोवर इंजिन टिकलं तर मी राहतो.

खंडेनवमीला अवजारांची पूजा. त्या दिवशी कुऱ्हाड-विळ्यापासून सगळ्यांना सुट्टी, आणि दसऱ्यालाही. आत्याबाईंनी सगळं सामान डोक्यावर घेऊन पूजा विहिरीवरच मांडली. नांगराचा फाळ, खुरपी, विळे, बाबांचे पाने, आणि मधोमध इंजिन. वैर संपलं होतं. आत्याबाई ज्याला मानायच्या त्याला पोटभर मानायच्या. बाबांनी इंजिनावर गोणपाट टाकलेलं असायचं, आणि त्याच्या वर तोंड केलेल्या हवेच्या नळीत कापडाचा बोळा. आत्याबाईंनी गोणपाट काढलं, धूळ पुसली, आणि बोळाही उपसून काढला. "नाकात चिंधी घालून कुणी पूजेला बसतं का?" त्या म्हणाल्या. बाबा तेव्हा पाण्याच्या पाटाच्या मोडक्या कडेला शेण सारवत होते. हळद लागली, कुंकू लागलं, झेंडूची माळ गळ्यात पडली, नारळ फुटला. मग अक्षता. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या, हळदीत रंगवलेल्या. आत्याबाईंनी मूठ भरून, मनापासून, त्याच्या डोक्यावरून टाकल्या. दोन दिवस ते तसंच माळ घालून बसलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मी दोरी गुंडाळून ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. फुरफुरसुद्धा नाही. बाबांनी प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला, मी ओढलं, निळी ठिणगी पडली. सुरू करण्यापुरतं पेट्रोल लागायचं, पुढे ते रॉकेलवर चालायचं; ते पेट्रोलही येत होतं. तरी काही नाही. बाबा म्हणाले, "मॅग्नेटोच बसलं असंल. ठिणगी दिसती, पण जोर नसंल." मॅग्नेटो म्हणजे ठिणगी पाडणारा भाग; तो गेला तर सगळं संपलं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या खांद्यातून कळ जायला लागली, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून दोरी घेतली आणि स्वतः ओढली. एकदाच. मग ते थारोळ्याच्या कठड्याला धरून खाली बसले आणि खोकत राहिले. खोकताना त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या. माय ते बघून घरी गेली. थोड्या वेळाने वाऱ्यावर दशम्यांचा वास आला. दुधात मळलेल्या दशम्या आमच्याकडे प्रवासाला निघणाऱ्यासाठी होतात. मायने आशा सोडली होती. तो वास मला आजही सहन होत नाही.

मला रडू येत होतं, आणि रडू आलं तर हात ढिले पडतील म्हणून मी रागावले. कुणावर ते माहीत नाही. दोरी परत गुंडाळली आणि ओढली, आणि तेव्हा कळलं.

"बाबा, दोरी हलकी येते."

"दमलीस तू."

"दमल्यावर जड लागंल ना? ही हलकी येऊ राहिली. रिकामा पोहरा वर यावा तशी. परवापर्यंत मधे भांडायची. आता भांडतच नाही."

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. मग उठले, येऊन चाक हाताने सावकाश फिरवलं. ते कुठेही न अडता गोल फिरलं. "दाबच नाही," ते स्वतःशी म्हणाले. "आरे, दाबच नाही." त्यांनी पाना घेतला आणि व्हॉल्व्हच्या वरचं झाकण उघडलं. मी आत वाकले. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह खाली बसायचा, तो जरासा वरच अडकला होता, आणि त्याच्या कडेखाली ज्वारीचा एक दाणा होता. हळदीने पिवळा. एका बाजूने चेपलेला.

आत्याबाई आमच्या मागेच उभ्या होत्या. सकाळपासून हात जोडून, ओठ हलवत. "काय निघालं रे किसन?" त्यांनी विचारलं.

बाबांनी तो दाणा चिमटीत धरला होता. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड पुसल्यासारखा हात वर नेऊन दाणा तोंडात टाकला. पेट्रोलने त्यांचं तोंड वाकडं झालं. तरी गिळला.

"कचरा होता, आक्का," ते म्हणाले. "वाऱ्यानं गेला असंल."

आत्याबाईंना मरेपर्यंत हे कळलं नाही. पुढच्या प्रत्येक खंडेनवमीला अक्षतांची वेळ आली की बाबा इंजिनाला नमस्कार करायला पुढे व्हायचे आणि हाताचा तळवा बरोबर नळीच्या तोंडावर ठेवायचे. आत्याबाई कौतुकाने म्हणायच्या, किसनचा भाव लई.

झाकण बसलं. बोळा नळीशेजारी, हाताशी ठेवला. मी दोरी गुंडाळली, बोटाला नाही, आणि ओढली. दोरी मधे अडली. माझ्या मनगटाला जो हिसका बसला त्याने मला इतका आनंद झाला की मी ओरडलेही नाही. दुसऱ्या ओढीला ते लागलं. टुक टुक टुक. बाबा थारोळ्यात हात घालून उभे राहिले, पहिल्या दिवशीसारखेच, पण या वेळी त्यांचे डोळे मिटलेले होते.

तेवढ्यात जिनची गाडी वेशीतून येताना दिसली. मी घराकडे पळाले. मायच्या कानावर आवाज गेला होता. तव्यावर दशमी तशीच टाकून ती दारात येऊन उभी होती, पिठाच्या हातांनी. माझी माय परक्या पुरुषाशी बोलायची नाही. कुणी आलं तर आतूनच सांगायची आणि तेही माझ्या तोंडून. मुकादम उतरला, भला माणूस होता, पेटीकडे बघून म्हणाला, "झाली का तयारी मिस्त्रीची?"

मी तोंड उघडणार तोच माय पुढे झाली. पदर डोक्यावर ओढला आणि सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "ते येत नाहीत. त्यायले घरी काम हाय."

मुकादमाने कान देऊन विहिरीकडचा आवाज ऐकला. "इंजिन घेतलं वाटतं?"

"घेतलं नाही," माय म्हणाली. "घरीच केलं." मग जरा थांबून, "दशम्या हायेत. वाटेत खायले घेऊन जा."

दशम्यांची चवड फडक्यात बांधून तिने त्याच्या हाती दिली. गाडी वळली. माय आत आली, पेटीसमोर बसली, कडी काढली आणि बाबांचे सदरे एकेक करून बाहेर काढले. झटकले आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवले. मग रिकामी पेटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "माळ्यावर ठेव." संध्याकाळपर्यंत मांजर तिच्यावर झोपलेलं होतं.

बाबांचा खोकला काही गेला नाही. पण पुढे कितीतरी वर्षं तो आमच्या घरातच ऐकू आला.